नवी काळी गाडी: वॅक्सच्या आधी फडकं आणि बादली

प्रश्न: दसऱ्याला आम्ही नवी गाडी घेतली, काळ्या रंगाची. वाघोलीला सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये करंजाच्या झाडाखाली लागते. पाणी बोअरचं आणि टँकरचं, आणि पाइप लावून गाडी धुवायला बंदी. शोरूमवाले टेफ्लॉन कोटिंग करून घ्या म्हणून मागे लागलेत. भाऊ म्हणतो, नव्या रंगाला सहा महिने काही लावायचं नाही, रंगाला श्वास घेऊ दे. सोसायटीतले दादा रोज सकाळी ओल्या फडक्याने गाडी पुसतात. तीनच आठवड्यांत उन्हात बॉनेटवर बारीक गोल गोल चरे दिसायला लागलेत. पूजेच्या वेळी बॉनेटवर काढलेल्या स्वस्तिकाचा पिवळट-लाल डागही गेलेला नाही. मला घरीच वॅक्स करायचंय. कोणतं घ्यावं, कसं लावावं, किती दिवसांनी? शिमग्याला देवगडला सासरी जाणार आहोत, तिथल्या खाऱ्या हवेसाठी वेगळं काही करावं लागेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: आधी गाडी रोज पुसणं थांबवा, वॅक्सचं नंतर बघू. बॉनेटवरचे ते चरे रोजच्या फडक्याचे आहेत. हे पुसणं चालू राहिलं तर कितीही महागाचं वॅक्स किंवा कोटिंग लावा, वर्षभरात काळा रंग राखाडी दिसायला लागेल.

तुमच्या भागात दगडखाणी आणि खडी क्रशर आहेत, शिवाय चहूकडे बांधकामं. रात्रभर गाडीवर जी धूळ बसते तिच्यात दगडाचा चुरा असतो आणि तो गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण. दादांकडे बादली एक, फडकी दोन आणि सकाळच्या दोन तासांत उरकायच्या गाड्या वीस. चौथ्या-पाचव्या गाडीपर्यंत बादलीच्या तळाशी गाळ साचतो, आणि त्याच पाण्यात पिळलेलं फडकं तुमच्या टपावरून फिरतं. रात्री मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरून बघा. प्रकाशाभोवती चऱ्यांचं वर्तुळ दिसेल, आणि टॉर्च सरकवला की वर्तुळही सोबत सरकेल. कारण चरे मुळात गोल नाहीतच. ते सगळ्या दिशांना पडलेत, आणि प्रकाशाला आडवे येणारे तेवढेच चमकतात.

दादांचं काम काढून घेऊ नका. पैसे तेवढेच द्या आणि नीट समजावून सांगा: रोज फक्त काचा, आरसे आणि नंबरप्लेट पुसायची, आठवड्यातून एकदा चाकं धुवायची, पत्र्याला हात लावायचा नाही. कोरड्या झटकणीनेही झटकायचं नाही, तिनेही तेच होतं. धूळ नुसती बसून राहिली तर रंगाचं काही बिघडत नाही. ती घासली की बिघडतं.

भावाचं म्हणणं एका बाबतीत बरोबर आहे, फक्त ते तुमच्या गाडीला लागू होत नाही. कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते, मग विजेच्या प्रवाहाने बसवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सीट, वायरी, रबर बसवण्याआधीच ही बॉडी भट्टीतून जाते आणि क्लिअर कोट साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजून पक्का होतो. गाडी तुमच्या ताब्यात येते तेव्हा रंग पूर्ण वाळलेला असतो. पहिल्याच दिवशी वॅक्स केलं तरी चालतं. गॅरेजमध्ये दुसऱ्यांदा मारलेल्या रंगाचं तसं नसतं. तिथे गाडीत प्लॅस्टिक, वायरिंग सगळं बसलेलं, म्हणून रंग ६० अंशांच्या आसपास वाळवतात, कुठे कुठे नुसता हवेवर. आतलं सॉल्व्हंट बाहेर पडायला आठवडे लागतात, आणि अशा भागाला ३० ते ६० दिवस तरी वॅक्स लावू नये. भावाने ऐकलेला नियम या रंगकामाचा आहे.

म्हणूनच एक गोष्ट तपासून घ्या. वाहतुकीत किंवा यार्डात ओरखडा आला तर एखादं दार किंवा पॅनेल डिलिव्हरीआधी रंगवलेलं असू शकतं. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र चांगल्या डिटेलिंगवाल्याकडे (गाडीची बारकाईने सफाई-पॉलिश करणाऱ्याकडे) असतं. पत्र्यावरचे सगळे मूळ थर मिळून साधारण ९० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात. बाकी गाडी ११० दाखवत असताना एकच दार २०० च्या पुढे गेलं, तर तिथे पुन्हा रंग बसलाय असं समजा आणि शोरूमला लेखी विचारा.

त्या एकूण जाडीत क्लिअर कोटचा वाटा साधारण ४० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्मा. सगळी चमक त्याच्यात आहे, उन्हातली अतिनील किरणं अडवणारी द्रव्यंही त्याच्यातच. मशीनने एकदा हलकं पॉलिश केलं तरी त्यातले एक ते तीन मायक्रॉन जातात, आणि गेलेले परत येत नाहीत. वॅक्स वर बसतं, पॉलिश मात्र वरचा थर खरवडतं, हा फरक दुकानात बाटली घेताना डोक्यात पक्का असू द्या. बाटलीवर ‘कंपाउंड’, ‘रबिंग’, ‘स्क्रॅच रिमूव्हर’ किंवा ‘क्लीनर वॅक्स’ लिहिलेलं असेल तर आत घासणारी पूड आहे. नव्या गाडीला ती नको. तुमचे तीन आठवड्यांचे चरे काढायला लगेच मशीन फिरवून घेण्याचीही घाई करू नका. धुण्याची पद्धत बदलल्याशिवाय पॉलिश केलं, तर चरे महिन्याभरात परत येतील आणि क्लिअर कोट तेवढा पातळ झालेला असेल. चांगल्या वॅक्सने बारीक चरे बरेच झाकले जातात. वर्षभराने बघा, तरीही डोळ्यांना खुपत असतील तर एकदाच, जाडी मोजून, हलकं पॉलिश करून घ्या.

आता टेफ्लॉन. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, आणि त्याचा वितळबिंदू ३२७ अंश. तव्यावर तो त्याहून जास्त उष्णता देऊन बसवतात. गाडीच्या पत्र्यावर तसं करायला गेलं तर रंगच जळेल. त्या नावाखाली शोरूममध्ये जे लावतात ते बहुधा पॉलिमर सीलंट, म्हणजे एक प्रकारचं कृत्रिम वॅक्स असतं. ते वाईट नसतं, काही महिने कामही करतं, पण तुम्ही रविवारी सकाळी स्वतःच्या हाताने लावाल तेही त्याच जातीचं. आमची जास्त काळजी त्याआधीच्या कामाची आहे. कोटिंगपूर्वी रंगावर मशीन फिरवायची पद्धत असते आणि तिथे घाई असते. कालच्या गाडीचं पॅड न धुता आज वापरलं की नव्या गाडीला फुकटचे चरे मिळतात. तुम्ही नाही म्हणालात तर काही गमावत नाही. सर्व्हिसिंगला गाडी देतानाही ‘बाहेरून धुवायची नाही, पुसायची नाही’ असं जॉब कार्डवर लिहून घ्या.

सिरॅमिक कोटिंग तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा आग्रह त्याचाच होणार. हा रंगावर घट्ट चिकटणारा, काचेसारखा कठीण पातळ थर. नीट लावलेलं सिरॅमिक दोन-तीन वर्षं टिकू शकतं, घाण सहज निसटते आणि शॅम्पूने ते उतरत नाही. पण त्याची जाडी एक-दोन मायक्रॉन, कधी त्याहूनही कमी. जाहिरातीतलं ‘९एच’ हे पेन्सिलीने घेतलेल्या कठीणपणाच्या चाचणीचं माप आहे, त्याने उडालेली खडी अडत नाही आणि फडक्यातली वाळूही नाही. बोअरच्या पाण्याचे डाग त्यावरही पडतात. खडीपासून खरंच वाचवते ती पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म. पूर्ण गाडीला ती महाग पडते. कोकणात, महामार्गावर जाणं-येणं असेल तर पुढचा बंपर, बॉनेटची पुढची कड आणि दरवाजाच्या हँडलमागची खोबण, एवढ्याच भागाला लावलेली आम्हाला पटते.

स्वस्तिकाचा डाग वॅक्सच्या आधी काढायला हवा, नाहीतर तो वॅक्सखाली बंद होईल. कोरडा घासू नका, कुंकवाच्या पुडीतही बारीक कच असते. कार शॅम्पूच्या पाण्यात भिजवलेला टिश्यू पेपर डागावर दहा मिनिटं पसरून ठेवा, मग न दाबता उचला. असं दोनदा करा. उरलेल्या लाल छटेसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन मऊ मायक्रोफायबरने हलकेच टिपा. हळदीचा पिवळेपणा तरीही राहिला तर घासाघाशी न करता गाडी उन्हात राहू द्या. हळदीतलं कर्क्युमिन उन्हाने फिकं पडतं आणि काही दिवसांत डाग आपोआप विरतो. हार चिकटवलेल्या टेपचा गोंद राहिला असेल तर खोबरेल तेलाचे दोन थेंब लावून पाच मिनिटांनी पुसा आणि ती जागा शॅम्पूने धुवा. पुढच्या पूजेला स्वस्तिक पुढच्या काचेवर काढा. काचेवरून हळद-कुंकू ओल्या फडक्याने एका हातात निघतं.

आता धुणं. पाइपला बंदी आहे, पण एका बादलीत गाडी नीट धुता येते. ‘रिन्सलेस वॉश’ नावाचं द्रव मिळतं, ते नंतर पाण्याने धुवावं लागत नाही. दहा लिटर पाण्यात बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात ते मिसळा. त्यात ४० बाय ४० सेंटिमीटरची आठ-दहा मायक्रोफायबर फडकी टाका. फडक्यांचे लेबल आधी कापून टाका, तेही चरा पाडतं. त्याच द्रावणाची फवारणीची बाटली भरून घ्या. एका भागावर भरपूर फवारा, दोन-तीन मिनिटं धूळ भिजू द्या, मग थबथबीत फडकं दोनदा दुमडून (म्हणजे आठ कोऱ्या बाजू मिळतात) वरून खाली, सरळ रेषेत, फडक्याच्या स्वतःच्या वजनाइतक्याच दाबाने ओढा. एक बाजू मळली की दुसरी काढा. आठही संपल्या की फडकं बाजूला ठेवा. वापरलेलं फडकं परत बादलीत बुडवायचं नाही, या पद्धतीचा सगळा जीव एवढ्यात आहे. आधी टप, मग काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, आणि दारांचा खालचा भाग व मागचा बंपर शेवटी, कारण चिखल आणि डांबर तिथेच असतं. चाकांची फडकी वेगळी, आणि ती पुन्हा कधी पत्र्याला लावू नका. पावसाळ्यात चिखलाने माखलेली गाडी मात्र अशी धुऊ नका. प्रेशर वॉशरच्या सेंटरवर नुसत्या पाण्याचा फवारा मारून घ्या, नोझल पत्र्यापासून फूटभर लांब आणि तिरकं, फडकं कोणालाही लावू न देता. मग घरी वरची पद्धत.

भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर गाडीसाठी नाही. दोन्ही तेलकटपणा काढायला बनवलेली आहेत आणि वॅक्सही तेलकटपणासारखंच निघून जातं.

पाण्याकडे खास लक्ष द्या. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार थेंब वाळला की पांढऱ्या कड्यासारखे मागे राहतात आणि काळ्या रंगावर दुरूनही दिसतात. उन्हात तापलेल्या पत्र्यावर ते इतके पक्के बसतात की शॅम्पूने हलत नाहीत. पुष्कळ घरांत आरओचं वाया जाणारं पाणी साठवून गाडीला वापरतात, हेतू चांगला असतो. पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात, ते फरशीला वापरा. गाडीसाठी एसीच्या नळीतून टपकणारं पाणी साठवा. ते हवेतल्या बाष्पाचं असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात. पाच लिटर जमलं तरी शेवटच्या हाताला पुरतं. डाग पडलेच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या, भिजलेलं फडकं डागावर एक-दोन मिनिटं ठेवा, पुसा आणि लगेच साध्या पाण्याने धुवा. तेवढ्या जागेवरचं वॅक्स कमी होतं, तिथे परत लावावं लागेल.

गाडी कोरडी झाल्यावर हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि बोटं बॉनेटवरून, टपावरून हलकेच फिरवा. नुसत्या बोटांना जे जाणवत नाही ते पिशवीतून जाणवतं. गुळगुळीत लागलं तर सरळ वॅक्सकडे वळा. खरखरीत लागलं तर रंगात लोखंडाचे बारीक कण रुतलेले असू शकतात. नव्या गाड्या रेल्वेच्या वाघिणींतून, ट्रेलरवरून येतात, यार्डात उघड्यावर उभ्या राहतात, आणि ब्रेकमधून, रुळांवरून उडणारे कण तिथेच बसतात. त्यासाठी ‘आयर्न रिमूव्हर’ मिळतं. सावलीत, थंड पत्र्यावर फवारलं की कण असतील तिथे जांभळे ओघळ येतात. तीन-चार मिनिटांत, वाळायच्या आत, भरपूर पाण्याने धुवा. वासाची तयारी ठेवा आणि हातमोजे घाला. हे काम पाइप असलेल्या ठिकाणीच करा. एवढ्यानेही खरखर गेली नाही तरच क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, तीही बारीक प्रतीची. शंभर ग्रॅमच्या वडीचे तीन तुकडे करा, शॅम्पूचं पाणी सढळ हाताने फवारत एकेक तुकडा चपटा करून सरकवा, मळला की घडी घालून कोरी बाजू काढा. जमिनीवर पडलेला तुकडा टाकूनच द्यायचा. त्यात चिकटलेला एक खडा सगळं बॉनेट खराब करतो. काळ्या रंगावर क्लेने हलके चरे येतात, म्हणून गरज नसताना हौसेखातर करू नका.

वॅक्स कोणतं? कारनौबा वॅक्स ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. काळ्या रंगावर त्याची खोली फार सुंदर दिसते. पण उघड्यावर, आपल्या उन्हात ते सहा ते आठ आठवड्यांच्या पुढे क्वचितच टिकतं. एप्रिलमध्ये काळ्या बॉनेटवर हात ठेववत नाही, तिथे त्याचा निभाव लागणं कठीण. तुमच्यासाठी आम्ही पॉलिमर सीलंट निवडू, म्हणजे डब्यावर ‘सिंथेटिक’ किंवा ‘पेंट सीलंट’ लिहिलेलं. ते तीन-चार महिने टिकतं आणि उन्हाला जास्त दाद देत नाही. सणासुदीला हौस म्हणून त्यावर कारनौबाचा एक हात द्यायला हरकत नाही. क्रम मात्र तोच: खाली सीलंट, वर कारनौबा. उलट केलं तर सीलंटला रंग धरायला मिळत नाही.

लावायला हेच दिवस चांगले. दिवाळीनंतर हवा कोरडी असते. सकाळी आठच्या सुमारास, सावलीत, पत्रा हाताच्या पाठीला गार लागत असताना सुरू करा. संध्याकाळी लावू नका. बहुतेक सीलंटना घट्ट बसायला बारा तास पाण्यापासून लांब राहावं लागतं, आणि थंडीत रात्री गाडीवर दव पडतं. आधी खिडक्यांभोवतीच्या आणि चाकांवरच्या काळ्या प्लॅस्टिकला मास्किंग टेप लावा, तिथे वॅक्स गेलं तर पांढरट डाग राहतो. गेलंच तर शॅम्पूच्या पाण्यात मऊ दातब्रश बुडवून लगेच काढा.

फोमच्या गोल पॅडवर द्रव सीलंट रुपयाच्या नाण्याएवढं घ्या आणि अर्ध्या बॉनेटला पसरवा. पूर्ण गाडीला २० ते ३० मिलिलिटर भरपूर होतं. घट्ट वॅक्स असेल तर पॅड डब्यात अर्धा वेढा फिरवला की पुरे. २०० ग्रॅमचा डबा एका गाडीला दोन-तीन वर्षं जायला हवा. थर इतका पातळ हवा की लावलाय की नाही, असं तिरक्या उजेडात बघितल्यावरच कळावं. घरी वॅक्स फसतं ते बहुतेक वेळा इथेच. जास्त लावलं म्हणजे जास्त टिकेल असं वाटतं, पण रंगाला धरतो तो अगदी खालचा थर. वरचं सगळं तुम्हालाच हात दुखेपर्यंत पुसून काढायचं असतं. पाच ते दहा मिनिटांनी एका कडेला स्वच्छ बोट ओढा. रेघ लख्ख उमटली तर वाळलंय, फरफटून ओलसर राहिली तर थांबा. पावसाळी हवेत वीस मिनिटंही लागतात. आता आखूड लव असलेल्या मायक्रोफायबरने पुसून काढा आणि दुसऱ्या, जाड लव असलेल्या कोऱ्या फडक्याने शेवटचा हात फिरवा. एकाच फडक्याने दोन्ही करायला गेलं की ते भरतं आणि वॅक्स नुसतं इकडचं तिकडे होतं. मध्येच ओघळ, ढगाळ पट्टे दिसले तर थर जाड लागलाय किंवा पत्रा तापलाय. त्या जागी पुन्हा अगदी थोडं ताजं वॅक्स लावा आणि लगेच पुसा. ताज्याने जुनं विरघळतं आणि दोन्ही निघून येतं. पुढच्या काचेला लावू नका, पावसात वायपर फरफटतात आणि रात्री समोरच्या दिव्यांनी काच धुरकट दिसते. दुसरा हात दुसऱ्या दिवशी द्या, त्यात पहिल्या दिवशी निसटलेल्या जागा भरून निघतात.

फडकी नंतर कपड्यांत मिसळू नका. हलक्या साबणाने वेगळी धुवा, कम्फर्टसारखं काही घालू नका, सावलीत वाळवा.

पुढचा हात कधी? गाडी स्वच्छ धुतल्यावर पाण्याचे थेंब गोल, उभे राहतात तोवर वॅक्स शाबूत आहे. थेंब पसरट व्हायला लागले, पाण्याचा चादरीसारखा थर साचायला लागला की वेळ झाली. मळलेल्या गाडीवर ही परीक्षा करू नका, धुळीनेही थेंब पसरतात. सीलंट लावत असाल तर वर्षाचे तीन हात पुरतात: मे महिन्याच्या अखेरीस पावसाआधी, पाऊस ओसरल्यावर दिवाळीच्या आसपास, आणि फेब्रुवारीत ऊन चढायच्या आधी.

झाडाखालच्या गाडीला वॅक्सपेक्षा तुमच्या तत्परतेची गरज जास्त. पक्ष्यांच्या शिटेत यूरिक ॲसिड असतं. दुपारी तापलेला क्लिअर कोट मऊ होतो, थोडा फुगतो, संध्याकाळी आकसतो आणि शिटेच्या खाली तिचा ठसा कोरला जातो. उन्हाळ्यात एका दुपारीही हे होऊ शकतं. वॅक्स तुम्हाला काही तास मिळवून देतं, त्याहून जास्त नाही. डिकीत पाण्याची फवारणीची बाटली आणि दोन स्वच्छ फडकी कायम ठेवा. शीट दिसली की फवारा, ओला टिश्यू पाच-दहा मिनिटं ठेवा, उचला, घासू नका. झाडावरच्या रस शोषणाऱ्या किडी चिकट गोडसर थेंब सोडतात, त्यावर धूळ बसते आणि पुढे काळी बुरशी धरते. ते कोमट पाण्याने ओलं करून त्याच दिवशी काढलं तर सहज निघतं. गाडीला कव्हर घालायचा विचार असेल तर उघड्या पार्किंगमध्ये आम्ही तो सोडून द्यायला सांगू. धुळीच्या गाडीवर कव्हर घातलं की वारा ते दिवसभर घासत राहतो, आणि पावसाळ्यात खाली ओल कोंडते.

शिमग्याच्या आधी फेब्रुवारीचा हात होऊन गेलेला असेल, त्यामुळे खाऱ्या हवेसाठी वेगळं वॅक्स लागत नाही. देवगडला त्या दिवसांत आंब्याला मोहोर आणि बारीक कैऱ्या असतात आणि मोहोरावर तुडतुडे. त्यांचाही तोच चिकट स्राव खाली टपकतो, तेव्हा गाडी कलमांखाली लावू नका, अंगणात मोकळ्यावर लावा. जांभ्याची तांबडी धूळ तिथे रोज बसेल, ती परत येईपर्यंत तशीच राहू द्या. गाडी वाळूवर, लाटांजवळ नेऊ नका. नेलीच तर त्याच दिवशी विहिरीच्या पाण्याने खालून, चाकांच्या कमानींतून चांगली धुवा. दारांच्या खालच्या कडेला पाणी बाहेर पडायची छोटी भोकं असतात, ती माती-वाळूने बुजलीत का तेही काडीने बघा. वाटेत गॅरेजवाले खालून डिझेल मारून देतो म्हणतील, नको म्हणा, त्याने रबरी बुश फुगतात आणि धूळ जास्त चिकटते. ताज्या रस्त्याचे डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढा. ते नसेल तर रॉकेलचा बोळा मिनिटभर टेकवून हलकेच पुसा आणि लगेच शॅम्पूने धुवा. पेट्रोल आणि थिनर नको.

घाटातून आल्यावर बंपर आणि बॉनेटची पुढची कड उजेडात नीट तपासा. खडीने रंगाचा टवका उडून पत्रा उघडा पडला असेल तर खाऱ्या हवेत तिथूनच गंज धरतो, आणि त्यावर वॅक्स लावून काही होत नाही. गाडीच्या रंगाचा कोड दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो, त्याच कोडचा टच-अप रंग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मागवा. जागा अल्कोहोलने पुसा, टूथपिकच्या टोकावर थेंबभर रंग घेऊन टवक्याच्या आत सोडा, अर्ध्या तासाने दुसरा पातळ थेंब, मग क्लिअर कोटचा. बाटलीतल्या ब्रशने रंग आजूबाजूला पसरतो आणि टवक्यापेक्षा डागच मोठा दिसतो. त्या ठिपक्यावर महिनाभर वॅक्स लावू नका. तुमच्या भावाचा नियम इथे पाळायचा.